पोट आक्रसले, मेंदूचे काय?

नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली आणि 'बेरिअॅट्रिक' हा अवघड शब्द मराठी घरांत पोहोचला. २०२० पासून ठरावीक अटींवर ती आरोग्यविम्याच्या कक्षेतही आली. मात्र शस्त्रक्रिया झाली की लठ्ठपणा संपला, हा समज अद्याप कायम आहे.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ पाहणीत 'बायपास' झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली होती. लाभ टिकला, पण काही वजन परतलेच. जठराचा भाग काढल्याने भूक चेतविणारे घ्रेलिन कमी होते, हे खरे. परंतु चरबी घटताच लेप्टिनही घसरते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस त्याचा अर्थ 'दुष्काळ पडला' असा लावतो. 'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकी कार्यक्रमातील १४ स्पर्धकांनी शस्त्रक्रियेविनाच वजन घटविले होते. सहा वर्षांनंतरही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत असल्याचे २०१६ मध्ये आढळले. वजन राखू शकले ते प्रामुख्याने शारीरिक हालचाल भरपूर वाढविणारे.

दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर काही काळ भूक मंदावते. २०२२ मध्ये संशोधकांनी त्यामागील एक रेणू, लॅक-फे, दाखवून दिला. तो टोचलेले लठ्ठ उंदीर कमी खाऊ लागले. वेगाने धावल्यावर माणसाच्या रक्तातही तो वाढतो. उंदरांवरचा निष्कर्ष शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला थेट लावणे घाईचे ठरेल. झपाट्याने वजन उतरताना झिजणारे स्नायू व्यायामाने वाचतात, एवढे मात्र निश्चित.

पण हा व्यायाम करायचा कोठे आणि केव्हा? केळीच्या सावद्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. आक्रसलेल्या जठरात पाणी घोटघोटच मावते. घामाने गेलेले पाणी भरून काढणे अशा रुग्णाला कठीण असते. दुपारच्या उन्हात धावणे त्याच्यासाठी धोक्याचेच. पहाट आणि वैद्यकीय सल्ला, दोन्ही हवेत. दुसरीकडे वरण-बट्टीतील बट्टी पोटात मावत नाही. पण गोड चहा, लस्सी, आईस्क्रीम, साखर घातलेले शिकरण सहज उतरते. केळ्याला उगाच दोष नको. वजन परत येते ते अशा पातळ गोडातून.

शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात झाली तर रुग्ण आठवडाभरात गावी परततो. बी-१२, लोह, प्रथिने यांची देखरेख पुढे आयुष्यभर लागते. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. असा पाठपुरावा तेथे होणे सावदा-रावेरकडील रुग्णांना सोयीचे ठरेल. विम्याच्या अटींत बीएमआय ४०, किंवा मधुमेहासारख्या व्याधींसह ३५, असे आकडे नेमके आहेत. आधीचे सौम्य उपाय फसलेले असावेत, हेही नमूद आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाबद्दल त्यांत अवाक्षर नाही.