नांवाचे तोतये

गेल्या महिन्यांत आमच्या ओसरीवर एक लहानसा वाद झाला. थोरला नातू मोबाइलवर ब्रूस लीचा म्हणून एक चित्रपट तल्लीन होऊन पाहत होता. माझ्या धाकट्या बंधूंनीं क्षणभर वांकून पाहिलें व ते म्हणाले, "बाळ, हा तो नव्हे." नातू म्हणाला, "पण आजोबा, नांव तर त्याचेंच आहे!"

बंधूंचें म्हणणें खरें होतें. कुमारवयांत वडील मंडळींची परवानगी मोठ्या कष्टानें मिळवून आम्ही दोघे पवनीहून भंडाऱ्यास असाच एक चित्रपट पाहावयास गेलों होतों. फलकावर ब्रूस लीचें नांव, पडद्यावर मात्र दुसराच कोणी! परततांना बंधु एक शब्दहि बोलले नाहींत. पैसे गेले याचें दुःख नव्हतें. ज्यास मनांत गुरु मानिलें त्याच्याच नांवानें फसविले गेलों, हें शल्य होतें.

ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजीं हाँगकाँग येथें वारला. त्याचें वय अवघें ३२ वर्षांचें होतें. ‘एंटर द ड्रॅगन’ हा त्याचा जगप्रसिद्ध चित्रपट त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रदर्शित झाला. मागणी अपार, आणि ती पुरविणारा तर कायमचा गेलेला! तेव्हां हाँगकाँग व तैवान येथील अल्प भांडवलाच्या निर्मात्यांनीं त्याच्यासारखे दिसणारे तरुण शोधून काढिले. हो चुंग-ताओ हा ‘ब्रूस ली’ झाला, वोंग किन-लुंग हा ‘ब्रूस ले’ झाला. पहिल्याच्या नांवांत व मूळ नांवांत इंग्रजींत केवळ अक्षरांचा भेद असे. आपल्या देवनागरींत तोहि उरत नाहीं. १९८० च्या एका चित्रपटांत तर मृत नटाच्या देहांतील पेशींपासून एक शास्त्रज्ञ त्याच्या तीन प्रतिकृति घडवितो, असें कथानक आहे. व्यापाऱ्यांनीं आपलाच धंदा कथेंत सांगून टाकिला! खुद्द ब्रूस लीनें अपुरा ठेविलेला ‘गेम ऑफ डेथ’ हाहि १९७८ मध्यें दुसरे नट उभे करून पुरा करण्यांत आला, व त्यांत त्याच्या खऱ्या अंत्यविधीचीं दृश्यें घालण्यांत आलीं. ज्याच्या घरीं असा प्रसंग येऊन गेला आहे, त्यास हें वाचून काय वाटेल तें मीं सांगावयास नको.

ही युक्ति परक्यांचीच आहे असें मात्र नव्हे. पानिपतावर १७६१ मध्यें सदाशिवराव भाऊ पडले. पुढें सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. १७७६ मध्यें त्याच्या बंडास कोंकणांत बळ चढलें, व त्याच वर्षीं त्यास देहदंड झाला. त्याच्यामागें गेलेले लोक सारेच मूढ होते काय? भाऊ परत यावे अशी कित्येकांची अंतरींची इच्छा होती. तोतया नुसत्या असत्यावर जगत नाहीं. तो लोकांच्या खऱ्या प्रेमावर जगतो. म्हणूनच त्याचा अपराध मोठा.

तरीहि चित्रपटांच्या या प्रकरणीं मला अधिक दया येते ती हो चुंग-ताओची. तो स्वतः कसलेला व मेहनती नट होता. हें उसनें सोंग त्यास मनापासून आवडलें नाहीं. परंतु लोकांस त्याचें नांव नको होतें, केवळ चेहरा हवा होता. सुखनिधानानें दुसऱ्याचें नांव चोरिलें. याचें स्वतःचेंच नांव चोरीस गेलें.

हा अपराध व्यापारीच करितात असें नाहीं. शाळेंत हुशार भावाच्या पाठोपाठ आलेल्या मुलास आम्ही शिक्षक थोरल्याच्याच नांवानें हांक मारीत असूं. मींहि मारिली आहे. मग तें पोर थोरल्याचेंच अक्षर गिरवूं लागे, आणि त्याचें स्वतःचें अक्षर कसें होतें, तें आम्हांस कधींच कळत नसे. आज तें आठवलें कीं मन ओशाळतें.

नातवानें चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. मग त्यानें विचारिलें, "आजोबा, ह्याचें खरें नांव काय?"

मीं तें त्याच्या वहींत लिहून दिलें.