उलटं घड्याळ आणि ओली माती

आपल्या घरातली तिघं मुलं आता 'टीम लीड' झाली आहेत आणि फोनवर तिघांचंही रडगाणं एकच. वरचे साहेब म्हणतात, "पॉझिटिव्ह राहा, होईल." खालच्या पोरांना ठाऊक असतं की दिलेल्या तारखेला काही होणार नाही. मधला बिचारा दोन्हीकडे हसत बसतो. परवा पुतण्याने विचारलं, "काका, पुढाऱ्याने आशावादी असावं की वास्तववादी?" मी म्हटलं, आशा कशाबद्दल आणि वास्तव कशाबद्दल, ते आधी ठरव.

मला अशा वेळी कोकण रेल्वे आठवते. १९९० साली महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल आणि मुदत पाच वर्षांची! 'रेल्वे येणार, रेल्वे येणार' हे ऐकतच कोकणातल्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांना हसू आलं असेल तर नवल नाही.

श्रीधरन यांनी कामाच्या जागी उलटी घड्याळं लावली. किती दिवस उरले, ते दाखवणारी. लोक याला जिद्दीचं, आशावादाचं उदाहरण म्हणतात. मला मात्र ती पाटी पक्की वास्तववादी वाटते. आणखी एक दिवस संपला, हे ती साहेबालाही सांगते आणि मुकादमालाही. तिच्यासमोर कोणाला गोड बोलता येत नाही.

आणि मातीला तर घड्याळ कळतच नाही. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, पण तो दगडातला. खरी परीक्षा पाहिली ती नऊ बोगद्यांनी. तिथली माती मऊ, पाण्याने भिजलेली. यंत्र चालेना. हाताने थोडं खणायचं, छताला आधार द्यायचा, मग पुढे सरकायचं. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने तर वर्षानुवर्षं दमवलं. अशा ठिकाणी छतातून पाणी ठिबकत असताना "होईल हो" म्हणणारा अधिकारी मला आशावादी वाटत नाही, धोकादायक वाटतो. कारण आत तो नसतो, मजूर असतात. या मार्गाच्या कामात ७४ माणसं गेली. त्यांचं स्मारक रत्नागिरीला आहे.

पाच वर्षांची सात झाली. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. म्हणजे तारीख हुकली, रेल्वे मात्र झाली. आणि एक गोष्ट फार शहाणपणाची केली होती : सगळं पुरं व्हायची वाट न पाहता तुकड्या-तुकड्याने गाड्या सुरू केल्या. १९९३ मध्येच वीरपर्यंत गाडी आली. माणसाला धीर भाषणाने येत नाही, वीर स्टेशनात शिरणारं इंजिन पाहून येतो. (हे भाषणं देणाऱ्यांना कोण सांगणार, असो.)

शिक्षकाला यात नवीन काही नाही. पूर्वपरीक्षेचे पेपर सैल हाताने तपासणारे सर मुलांना फार आवडतात... मार्चपर्यंत.

तर पुतण्याला सांगितलं, सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणती चार कामं तारखेला होणार नाहीत ते आधी सांग. मग जे एक काम तयार आहे ते चालवून दाखव. आणि खालचं कोणी वाईट बातमी घेऊन आलं तर त्याच्यावर खेकसू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी ते तुला कळणारच नाही.

तो म्हणाला, "काका, आणि माझं अप्रेझल?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या वेळी त्याला गोपनीय अहवाल म्हणत, आणि खरं बोलणाऱ्यांचा तोही फारसा बरा नसे.