जामीनदार एकाच घरचा

शहाण्या माणसाने घरी दोन इंटरनेट ठेवावीत, असा उपदेश मला प्रथम शेजारच्या निवृत्त मास्तरांनी केला. मास्तरांकडे भिंतीवर दोन घड्याळे आहेत आणि दोन्हींत वेगवेगळे वाजलेले असतात, हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवे होते. पण २०२० ची टाळेबंदी होती, चिरंजीवांची शाळा मोबाइलमध्ये भरत होती आणि केबलवाल्याचे इंटरनेट पहिल्या सरीलाच अंग टाकत होते. सौभाग्यवतींनी मास्तरांची री ओढली. झाले! केबलच्या जोडीला टेलिफोनच्या तारेवरचे डीएसएल आले.

हे डीएसएल आपल्याकडे २००५ साली मोठ्या थाटात आले होते. तेव्हा २५६ केबीपीएसलाही सरकारदरबारी ब्रॉडबँड म्हणत. युक्ती झकास! तांब्याच्या त्याच तारेवर खालच्या पट्टीत माणसे बोलणार आणि वरच्या पट्टीत इंटरनेट धावणार. मात्र एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी. आमचे घर शहापूरच्या पार टोकाला. त्यामुळे पंक्तीच्या शेवटच्या पानासारखी गत. वाढपी दिसायचा, जिलबी दिसायची नाही. तरी मी खूष होतो. दोन बिले भरणाऱ्याच्या चालण्यात एक रुबाब येतो.

तो चिरंजीवांच्या परीक्षेच्या दिवशी उतरला. नाक्यावर जेसीबीने एक घास घेतला आणि दोन्ही इंटरनेट एकदम गेली. केबलवाल्याला विचारले, तर म्हणतो, "साहेब, आमची वायर त्यांच्याच चरातनं टाकलीय ना!" (खणण्याआधी कळवा, असे सांगणारे 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे सरकारी ॲप २०२३ मध्ये निघाले. ते उघडायला जेसीबीवाल्याला रेंज तेवढी हवी.)

वीस वर्षे मी बँकेत कर्जाचे कागद तपासतो आहे. कर्जदार आणि जामीनदार एकाच चुलीवर जेवणारे असले, तर मी भुवया उंचावतो. आणि घरी हीच फाइल डोळे मिटून पास केली! चर एक, खांब एक, विजेचा प्लगही एक. टेलिफोनला एक्स्चेंजमधल्या बॅटरीचे ४८ व्होल्ट मिळतात, म्हणून दिवे गेले तरी नुसता फोन चालायचा. मॉडेम मात्र आमच्याच विजेवर जगणारा. तेव्हा दुसरे इंटरनेट घेण्याआधी वाचकांनी पायांत चपला घालून तार कुठून येते ते बघून यावे.

पण मी म्हणतो, हे बघत फिरायचे काम आपले का? दोन घ्या म्हणणारा खरे तर एवढेच सांगत असतो, की पहिले चालणार नाही. छत्री गळते म्हणून तक्रार करावी आणि दुकानदाराने दुसरी गळकी छत्री गळ्यात मारावी, त्यातला प्रकार. भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. त्यांनाही सांगावे काय, की बाई, दोन हंडे ठेवा?

माझ्यासारखा दोन बिले भरून कुरकुर तरी करतो. मुरबाडच्या एका शाखेत असताना टोकावड्याकडच्या एक आजी एसटीने निराधार योजनेचे पैसे काढायला आल्या. लिंक गेलेली. तिथे जोडीला छपरावर उपग्रहाची तबकडी होती. म्हणजे जामीनदार खरोखर परक्या घरचा! पण माळशेजकडून असा पाऊस आला, की उपग्रहानेही हात वर केले.

"माझं पैसं हायेत ना पर?" आजींनी विचारले.

"आहेत आजी. लिंक नाही."

"म्हंजे घरात हायेत, पर आतनं कडी लागलीय."

चार वाजेपर्यंत कडी निघाली नाही. आजी पदराने तोंड पुसून एसटी गाठायला गेल्या. येण्याजाण्याचे भाडे त्यांच्याच पदरचे. त्यांना दुसरे इंटरनेट घ्या म्हणून कोणी सांगायचे? मास्तरांनी?

आता आमची तांब्याची तारही गेली, फायबर आली. मास्तरांनी तर परवा तिसरे इंटरनेट घेतले आणि पेढे दिले. पेढा तोंडात टाकून मी वायरीच्या मागोमाग नाक्यापर्यंत जाऊन आलो.

खांब तोच आहे.