चौतिसावा पुतळा

लिस्बनसाठी एकच दिवस हाताशी असलेल्या जोडप्यांना माझा सल्ला ठरलेला आहे. किल्ला सोडा, अठ्ठावीस नंबरच्या ट्रामची रांग सोडा आणि सबंध दिवस बेलेमला द्या. हे ऐकून बहुतेकांचे चेहरे पडतात. व्हिडिओत पाहून ठेवलेली पिवळी ट्राम, आल्फामाच्या चढउताराच्या गल्ल्या, टेकडीवरून दिसणारी लाल कौलं, हे सगळं सोडायचं? सहलवाले तर बेलेम पाऊण तासात उरकतात. मठासमोर एक फोटो, मनोऱ्यासमोर एक, हातात कस्टर्डचा टार्ट आणि पुन्हा बस.

तरीही मी हट्ट धरतो, त्याला कारण आहे. रोममध्ये किंवा प्रागमध्ये आपण निखळ पाहुणे असतो. तिथल्या राजांनी आपलं काही नेलेलं नाही, आपण त्यांचं काही लागत नाही. बघायचं, वाहवा करायची, निघायचं. टेगस नदीकाठच्या या उपनगरात तसं बघता येत नाही. इथल्या दगडांत आपल्या बाजूचा पैसा आहे, आपल्या किनाऱ्यावर घडलेल्या गोष्टी आहेत, आपल्याकडून गेलेला एक प्राणीसुद्धा आहे. ज्याला हे माहीत आहे त्याला दिवस अपुरा पडतो. ज्याला माहीत नाही त्याला पाऊण तास खूप झाला.

माझी बायको गोव्यातल्या वास्को द गामा गावची. आमच्या लिस्बनच्या दिवसाला त्यामुळे वेगळीच धार होती. प्रासा दा फिगेराच्या चौकात पंधरा नंबरची ट्राम पकडली. ही ट्राम नदीच्या बाजूने पश्चिमेला बेलेमपर्यंत जाते. उतरल्या उतरल्या एका उंच खांबावर अफोन्सो द अल्बुकर्क उभा. विजापूरच्या आदिलशहाकडून 1510 मध्ये गोवा घेणारा तो हाच. समोर बाग, बागेत मुलं खेळतायत, बाकावर म्हातारे बसलेत. बायको मान वर करून म्हणाली, ‘‘सुरुवातच यांच्यापासून का?’’

पुढे जेरोनिमोस मठ. मॅन्युएल राजाने त्याचं काम 1501 च्या सुमारास सुरू केलं आणि ते पुरं व्हायला शंभरएक वर्षं लागली. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या देशांशी चालणाऱ्या व्यापारावर पाच टक्के कर होता, त्यातून हा खर्च भागला. मठाच्या ओवऱ्यांत गेल्यावर तो पैसा डोळ्यांना दिसतो. कमानींच्या कडेने दगडातच कोरलेले जाड दोरखंड, त्यांना मारलेल्या गाठी, पानं, फुलं, दर्यावर्दी वापरत ते खगोलगोल. पीळ इतका खरा की बोट फिरवावंसं वाटतं. हे काम अप्रतिम आहे आणि ते तसं मोकळेपणाने म्हणावं. गवंड्याच्या हाताला नावं ठेवून राजाचा हिशेब चुकता होत नाही.

चर्चच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आणि उजव्या हाताला कवी कामोइश यांची. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेल्या. गामा दगडात हात जोडून पहुडलाय, खाली सिंह, बाजूला कोरलेलं जहाज. लोक येतात, त्या जोडलेल्या हातांचा फोटो काढतात, पुढे जातात. बायको मात्र तिथे खिळून राहिली. ‘‘म्हणजे हाच तो,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, रेल्वेच्या तिकिटावर जन्मभर ज्याचं नाव वाचलं, तो.’’

मला तिथे 1502 आठवत होतं. दुसऱ्या सफरीत याच माणसाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं ‘मिरी’ नावाचं जहाज माणसांसकट जाळलं. बायकामुलं होती त्यात. मी ते कुजबुजत सांगायला लागलो, तर तिने मला थांबवलं. ‘‘मला माहीत आहे. पण इथून तावातावाने बाहेर पडून काय मिळणार? नीट बघ तरी.’’ तिचं खरं होतं. रागावलेला प्रवासी आणि सेल्फीवाला प्रवासी, दोघेही सारख्याच घाईने बाहेर पडतात.

दुपारी मठाशेजारच्या जुन्या दुकानात पास्तेइश खाल्ले. 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि मठातली कृती घेऊन 1837 मध्ये हे दुकान सुरू झालं. वरून करपट डागांचं पिवळं कस्टर्ड, बोट लावताच चुरा होणारं कवच, सोबत पिठीसाखर आणि दालचिनीची पूड. दालचिनी भुरभुरवली की वास थेट आपल्या मसाल्याच्या डब्याचा. सिलोनच्या किनाऱ्यावर हिच्यासाठीच किल्ले उभे राहिले. ते आठवूनही आम्ही दोघांनी पुन्हा एकेक मागवला.

माझ्या मते बेलेममध्ये सर्वांत जास्त वेळ देण्यासारखं ठिकाण म्हणजे नदीकाठचं ‘शोधांचं स्मारक’, पाद्राओ दुश दश्कुब्रिमेन्तुश. जहाजाच्या नाळेच्या आकाराचा हा प्रचंड उभा घाट. टोकाला राजपुत्र हेन्री आणि त्याच्यामागे दोन्ही उतारांवर रांगेने दर्यावर्दी, राजे, धर्मगुरू, नकाशे काढणारे. एकूण 33 पुतळे. गामा आहे, अल्बुकर्क आहे, कामोइश आहे. ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूसमध्ये आहे ते फ्रान्सिस झेवियरही आहेत. बाई एकच, हेन्रीची आई.

सहल घेऊन येणारे ते पाचशे वर्षांपूर्वीचंच असल्यासारखं बघतात. प्रत्यक्षात ते सालाझारच्या हुकूमशाहीतलं. आधी 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं, मग हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून 1960 मध्ये सिमेंट आणि दगडात कायमचं. समोरच्या फरसावरचं भलंमोठं दिशाचक्र दक्षिण आफ्रिकेने भेट दिलेलं, तेही वर्णभेदाच्या राजवटीत. साल लक्षात घ्या. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. म्हणजे साम्राज्य हातातून निसटत असताना हे जहाज दगडात रोवलं गेलं. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते त्यानंतर तेरा वर्षांनी, 1974 मध्ये, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर.

या 33 जणांत एक माणूस नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला गामाने एक वाटाड्या जहाजावर घेतला. मोसमी वारे कधी आणि कसे धरायचे हे जाणणारा. त्याच्या भरवशावर जहाजं महिन्याभरात अरबी समुद्र ओलांडून 20 मे 1498 ला कालिकतजवळ पोहोचली. ज्या वाटेने माणसं शतकानुशतकं ये-जा करत होती तिचा ‘शोध’ लागला, तो वाट दाखवणाऱ्याला सोबत घेऊन. स्मारकावर त्याला जागा नाही. बेलेमला गेलेल्या प्रत्येकाने हा चौतिसावा पुतळा मनाने तिथे उभा करावा, असं मला वाटतं. तो दिसू लागला की बाकीचे 33 आपोआप माणसांच्या मापाचे होतात.

तिथूनच नदीवरचा लाल झुलता पूल दिसतो. 1966 मध्ये तो सालाझारच्या नावाने खुला झाला होता. 1974 च्या क्रांतीनंतर त्याला 25 एप्रिलचं नाव दिलं. मी बायकोला म्हणालो, ‘‘बघ, यांनी यांच्या माणसाचं नाव काढलं आणि तुम्ही त्यांच्या माणसाचं ठेवलंत.’’ ती म्हणाली, ‘‘राहू दे की. आता ते आमच्या गावाचं नाव आहे, त्याचं कुठे राहिलं?’’ नामांतराच्या आपल्याकडच्या वादांत इतकं सरळ उत्तर मी ऐकलेलं नाही. नावं पुसली की प्रश्नही पुसले जातात, आणि मग मिरी जहाजाबद्दल विचारायला कोणी उरत नाही.

शेवटी बेलेमचा मनोरा. पाण्यात पाय सोडून बसलेला, सगळ्या पोस्टकार्डांवर असतो तो. त्याच्या एका कोपऱ्यावरच्या बुरुजीच्या तळाशी झिजून गेलेलं एक तोंड आहे. ते गेंड्याचं. दीवला किल्ला बांधू द्या म्हणून अल्बुकर्कने गुजरातच्या सुलतान मुझफ्फरकडे माणसं पाठवली होती. सुलतानाने परवानगी दिली नाही, नजराणे दिले, त्यांत हा गेंडा. अल्बुकर्कने तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून राजाकडे रवाना केला. तो लिस्बनला उतरला 20 मे रोजी, गामा कालिकतला पोहोचल्याच्या तारखेलाच. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. राजाने त्याला हत्तीसमोर सोडलं, तर हत्ती पळून गेला. चित्रकार ड्यूररने त्याला न बघताच, कुणाच्या पत्रावरून आणि रेखाटनावरून, त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात असलेला गेंडाही बुडाला. मनोऱ्याचं बांधकाम तेव्हा चालूच होतं. हे झिजलेलं तोंड दाखवायला वाटाड्यांना पाऊण तासात सवड नसते, म्हणून आपण शोधायचं.

हा सगळा इतिहास म्हणजे नुसता त्यांचा गुन्हा आणि आपलं रडगाणं नव्हे. मडगावशी नातं असलेले आंतोनियो कोश्ता याच शहराचे महापौर आणि पुढे देशाचे पंतप्रधान झाले. 1961 पूर्वी जन्मलेल्या गोंयकारांची नातवंडं आजही पोर्तुगीज पासपोर्ट काढतात. हा व्यवहार अजून चालू आहे, म्हणून त्याची दोन्ही पानं वाचता आली पाहिजेत. बेलेममध्ये एकच पान उघडं ठेवलेलं आहे. दुसरं आपण सोबत न्यावं लागतं.

ते न्यायचं कसं? लिस्बनचं तिकीट काढण्याआधी फोर्ट कोचीला जा. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये गामाची पहिली कबर आहे. 1524 मध्ये तो कोचीतच वारला आणि काही वर्षांनी त्याची हाडं पोर्तुगालला नेली. मग जुन्या गोव्यात त्याच्या पणतूने व्हाइसरॉय असताना उभारलेल्या कमानीखालून चाला, बॉम जेझूस बघा. हे करून बेलेमला उतरलात, तर गाइड नसला तरी चालेल. फक्त सोमवारी जाऊ नका, मठ बंद असतो.