शेततळ्यातल्या माशांना ‘नॅनो’ औषध: कुठे कामाचं, कुठे नुसतं लेबल?

2021 मध्ये इफ्कोचा नॅनो युरिया आला आणि ‘नॅनो’ हा शब्द थेट बांधावर पोहोचला. आता मत्स्यपालनाच्या औषधांवरही तो दिसतो. उचगावसारख्या कोल्हापूरला लागून असलेल्या गावात शेततळं करून रोहू-कटला सोडायचा विचार असेल, तर बाटली घेण्याआधी एवढं समजून घ्या.

नॅनो म्हणजे किती?

साधारण 1 ते 100 नॅनोमीटरचे कण. आपला केस जवळपास 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. कण इतका बारीक झाला की तोच पदार्थ वेगळा वागतो, पेशीच्या आतही शिरू शकतो. फायदा यातच आहे आणि धोकाही यातच.

गरज का पडली?

तळ्यात मासे दाटीने राहतात. एरोमोनास बॅक्टेरियाचा संसर्ग झाला की अंगावर जखमा होतात, पर कुजतात आणि रोग झपाट्याने पसरतो. मग खाद्यात अँटिबायोटिक कालवलं जातं. त्यातलं बरंचसं पाण्यात आणि गाळात उतरतं, आणि औषधाला दाद न देणारे बॅक्टेरिया वाढतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यपालनात वापरायला बंदीच आहे.

लस हा चांगला पर्याय. पण हजारो बोटुकल्यांना एकेक इंजेक्शन देणार कोण? आणि खाद्यातून दिली तर ती पोटातच पचून जाते.

इथे नॅनो कामाला येतं

कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून कायटोसन बनतं. त्याच्या नॅनोकणांत लस गुंडाळली की ती आतड्यापर्यंत टिकते. तमिळनाडूतल्या संशोधकांनी जिताड्याला अशी डीएनए लस खाद्यातून दिली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात संरक्षण मिळालं, पण मध्यम. दिशा बरोबर आहे, जादू मात्र नाही.

नॅनो सिल्व्हरचं काय?

चांदीचे नॅनोकण बॅक्टेरिया मारतात हे खरं. पण तळ्यात ओतले तर ते वाईट आणि चांगले असा भेद करत नाहीत. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया संपवणारे उपयोगी बॅक्टेरियाही मरू शकतात, आणि अमोनिया वाढला की मासे दगावतात. या कणांनी कल्ल्यांनाही इजा होऊ शकते. शिवाय तळ्याचं पाणी ओढ्यात सोडलं की कण पुढे नदीत जाणार.

पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच अनेकदा पाहायला मिळालाय. सांडपाण्यामुळे ऑक्सिजन घटला की असं होतं. त्यावर कुठल्याही बाटलीत औषध नाही. तळ्यालाही हाच नियम लागू.

मग करायचं काय?

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: यात नेमका कुठला पदार्थ आहे? माशांवर चाचणी कुठे झाली? औषध दिल्यावर किती दिवसांनी मासा खायला चालतो? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 मध्येच शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यामुळे हे विचारणं काही जगावेगळं नाही. उचगावच्या जवळच शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा विभाग आहे. लेबल वाचून डोकं चक्रावलं तर तिथे विचारून बघता येईल.

आणि खर्चाचा क्रम चुकवू नका. आधी मत्स्यबीज बेताने सोडा, एरेटर लावा, लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहतोय का ते मोजा. एवढं करूनही रोग आलाच, तर मत्स्य अधिकाऱ्यांना विचारूनच औषध घ्या, मग ते नॅनो असो की साधं.