पोवाड्याआधी नोंद

१९४४ साली सोव्हिएत संघाने ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ हा सन्मान दोन भारतीय सैनिकांना दिला: तमिळनाडूचे सुभेदार नारायणराव निक्कम आणि कुमाऊँचे हवालदार गजेंद्रसिंह. ‘निक्कम म्हणजे आपले निकमच!’ हा मराठी वाचकाचा पहिला उद्गार. हे संशोधन नव्हे, मालकी सांगणे आहे. दोघेही रसद पोचवणाऱ्या दलातले. त्यांची वाट इराणमधून जाणारी. पण आपल्या वीरगाथेला तलवार लागते, मालमोटार चालत नाही. त्या सन्मानचिन्हाच्या पाठीवर क्रमांक असतो. क्रमांकावरून शिफारसपत्र आणि त्यातून कामगिरी उलगडते. अशी असंख्य पत्रे रशियाने २०१० साली महाजालावर खुली केली. वसमतच्या एखाद्या ट्रंकेत निजामकाळातले पदक निघाले, तर साहित्याच्या अभ्यासकाने आधी नोंद शोधावी. नोंदीविना रचलेला पोवाडा सैनिकाचा गौरव करत नाही, त्याला पुसून टाकतो.