ब्राह्मी, गिंको आणि पुराव्याचा प्रश्न



वनस्पतिजन्य पूरकांनी स्मरणशक्ती हमखास वाढते, असे प्रतिपादन मागील अंकातील पत्रात परंपरेच्या आणि वापरणाऱ्यांच्या अनुभवाच्या आधारे करण्यात आले आहे. तथापि अनुभव हा संशोधनाचा आरंभ असतो, निष्कर्ष नव्हे. गिंको या मूळच्या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क स्मृतिभ्रंश टाळतो काय, हे तपासताना अमेरिकेत 3,069 वृद्धांपैकी एका गटाला दिवसातून दोनदा 120 मिलिग्रॅम अर्क, तर दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषधी घटक नसलेली गोळी देण्यात आली; सुमारे 6 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही.

ब्राह्मीबाबत चित्र काहीसे आशादायक आहे. सुमारे 12 आठवडे अर्क घेतल्यावर पाठ केलेले शब्द काही वेळाने अधिक आठवतात, असे काही लहान चाचण्यांत दिसले. मात्र एवढ्यावरून परीक्षेतील यश किंवा वार्धक्यातील विस्मरणावरचा उपाय सिद्ध होत नाही.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे गृहीतकही टिकत नाही. बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांच्या 2004 मधील तपासणीत 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिवाय रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी गिंको परस्पर सुरू केल्यास रक्तस्रावाचा धोका संभवतो. विस्मरणामागे ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो. त्यामुळे पूरकाची बाटली घेण्याआधी रक्ततपासणी करून घेणे अधिक श्रेयस्कर ठरते.

— एक वाचक